बोकडाचं शेवटचं भाषण

या ग्रुपवरचे गूढ अनुभव वाचताना मी कायम खोट काढायचो. भास असेल, झोपेत असेल... असल्या गोष्टींवर माझा विश्वास कधीच नव्हता, आणि आजही 'आहे' असं म्हणवत नाही. पण हे घडलं ते दुपारी अडीच वाजता, शिरूरला एसटी डेपोच्या मागच्या माझ्या खोलीत. आणि त्याची फाईल माझ्याकडे आहे.

मी कार्टून बनवतो. लहान मुलांसाठी नाही. आमच्या सिरीजमधल्या गावाचा सरपंच एक बोकड आहे. देवळाच्या कमिटीपासून साखर कारखान्याच्या चेअरमनपर्यंत तो सगळ्यांना शिव्या घालतो. त्याचा आवाज माझ्या दौंडच्या मामांचा. रेल्वेतून रिटायर झालेला माणूस. शिवी अशी द्यायचे की खाणाराही हसायचा.

शेवटच्या एपिसोडच्या आधी मामांना घशाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशनमध्ये स्वरयंत्र काढावं लागलं. गळ्याला भोक, त्यावर पातळ रुमाल, आणि बोलायचं तर पाटी-पेन्सिल. मी पुण्यात दुसऱ्या दोन कलाकारांचे आवाज घेऊन पाहिले... बोकड परका वाटायचा. शेवटी ठरवलं – शेवटचं भाषण मुकं, खाली नुसती अक्षरं. फोन करून मामींना तसं सांगितलं. दुसऱ्या दिवशी दोघं एसटीनं माझ्या दारात.

मामांनी पाटी पुढं केली. 'माईक लाव.'

"मामा, अहो पण कसं–"

त्यांनी पेन्सिलीनं पाटी ठोकली.

"कालपासनं असंच चाललंय," मामी म्हणाल्या. "धड जेवले बी न्हाईत. हू दे बाबा त्यांच्या मनासारखं."

आवाज घुमू नये म्हणून भिंतींना गोधड्या लावलेल्या होत्या. पंखा बंद केला, स्क्रिप्ट त्यांच्या हातात दिली. ती मी ऑपरेशननंतर लिहिलेली, म्हणजे मामांनी ती कधीच मोठ्यानं वाचलेली नव्हती. रेकॉर्ड दाबलं.

मामा नेहमीसारखे डावा हात कानावर ठेवून उभे राहिले. ओठ हलायला लागले. खोलीत फक्त गळ्यातून फसफसणारी हवा. मला स्क्रीनकडे बघवेना, मी त्यांच्याकडेच बघत राहिलो. जत्रेला कापायला काढलेला बोकड गावाला शेवटचं सुनावतोय, असा तो सीन. मामा घामानं निथळत होते, पण एक ओळ गाळली नाही.

संपल्यावर लिहिलं, 'ऐकव.'

ती नुसती हवा त्यांना ऐकवायची माझी हिंमत होईना. मामांनी स्वतःच हात पुढं करून प्ले दाबलं.

"ऐका रं भाड्यांनो! माझं मटान खाशाल, पन माझी सही कुठनं आनशाल?"

मामांचा आवाज. खणखणीत, ऑपरेशनच्या आधीचा! अख्खं भाषण, शब्दन् शब्द. आणि शेवटी, स्क्रिप्टमध्ये नसलेलं एक वाक्य –

"ए, च्या टाक गं जरा."

"टाकते की," म्हणत मामी उठल्यासुद्धा. दारापर्यंत गेल्या... आणि तिथंच चौकटीला धरून थांबल्या.

नेट बंद होतं. आवाज बनवणारं कुठलंही एआय त्या लॅपटॉपवर नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा रेकॉर्ड केलं, नुसती हवा आली. पुण्यातल्या एका साउंडवाल्या मित्राला फाईल पाठवली, तर म्हणाला, "कुठंही जोडकाम नाही. एका दमात बोललाय माणूस."

हे वापरावं की नाही, माझं ठरेना. मामांचं ठरलेलं होतं. 'एकदाच आलं, पुरं हाय. कामाला लाग. बोकडाचं तोंड नीट हालव.' आठ दिवस घासून काम केलं, आणि एपिसोड त्याच आवाजात गेला.

फाईल किती वेळा ऐकली, सांगता येत नाही. उत्तर अजून सापडलेलं नाही. परवा दौंडला गेलो तेव्हा मामांना विचारलं, "भाषण ठीक आहे, पण ते चहाचं शेवटी कशाला म्हणालात?"

मामांनी पाटी पुसून सावकाश लिहिलं –

'त्ये मी म्हनलोच न्हाई. घसा सुकला हुता, नुसतं मनात आलं.'