तळहाताएवढी कोरी जागा

ऑफिसात तिला सगळे फूटपट्टीताई म्हणत. त्यात थट्टा किती नि आदर किती, हे म्हणणाऱ्यालाही सांगता आलं नसतं. संगीताच्या त्या मासिकात ती अकरा वर्षं पानं लावत होती; पण कुठली, तर मागची. कार्यक्रमांचं वेळापत्रक, वाचकांची पत्रं, पियानो दुरुस्त करून मिळेल अशा जाहिराती. रकाना केसभर वाकडा गेला तरी तिच्या डोळ्यांत खडा गेल्यासारखं व्हायचं. घरी लेक म्हणायची, "आई, तू दोरीवर कपडेसुद्धा रकान्यात वाळत घालतेस!"

"मग काय, तुझ्यासारखे गोळे करून फेकू?"

अंकाच्या मधल्या पानांवरचा मुख्य लेख मात्र मांडायचे ते थोरले मांडणीकार. त्या महिन्यात ते डोळ्याच्या ऑपरेशनसाठी रजेवर गेले आणि संपादकांनी लेखाची फाइल ताईच्या टेबलावर आणून ठेवली.

"जमलं तर यापुढे मुख्य लेख तुमच्याकडे. नाही जमलं तर मागची पानं आहेतच."

लेख एका म्हाताऱ्या व्हायोलिनवादकावर होता. ताईनं आधी तो वाचून काढला, अथपासून इतिपर्यंत, दोनदा. (थोरले मांडणीकार लेख वाचत नसत, नुसते मोजत.) तिसऱ्या जोडपानावर एक परिच्छेद होता: संथ धून वाजवता वाजवता म्हातारा एका ठिकाणी पोचतो, आणि सभागृहातले खोकणारेही खोकायचे थांबतात. त्याच्या शेजारी समासात लेख लिहिणाऱ्या समीक्षकांनी पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'इथे जागा हवी.'

ताईनं जागा दिली. वर मजकूर, खाली मजकूर, मध्ये तळहाताएवढं स्वच्छ पांढरं. त्यापायी एक फोटो लहान केला, एक चौकट पुढच्या पानावर ढकलली, शीर्षक तीनदा बदलून पाहिलं. दोन दिवस जेवणाकडे लक्ष नव्हतं.

प्रूफ पाहताच समीक्षकांनी कपाळाला हात लावला. "अहो ताई, जागा म्हणजे सुरांची जागा! ती त्यांची खास हरकत आहे ना, सुरांचं ते वळण, तिचं नोटेशन छापा म्हणत होतो मी!"

संपादकांना हसू आवरेना. "संगीताच्या मासिकात अकरा वर्षं काढली, आणि जागा म्हटल्यावर तुम्हाला रिकामा प्लॉट आठवला?"

ताईच्या कानशिलांना चटका बसला. पण ती इतकंच म्हणाली, "चुकलं माझं. द्या नोटेशन, बसवते."

समीक्षकांनी तिथल्या तिथे वादकांना फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईलसा ठेवला. ती जागा गुणगुणून दाखवली.

"ती होय?" म्हातारबुवा खाकरले. "ती लिहून कशी देऊ बाबा? रोज वेगळी येते. कधी येतच नाही. मग मी आपला नुसता थांबतो. मेले त्यालाच जास्त टाळ्या देतात!"

फोन ठेवला. नोटेशनचा प्रश्न मिटला.

"मग फोटो टाका तिथे," संपादक म्हणाले. "कोरा कागद विकायला आपलं काय वह्यांचं दुकान आहे?"

"नाही टाकणार."

शब्द तोंडातून गेल्यावर ताईच दचकली. पण आता माघार कसली! "शब्द समजण्यात चूक झाली, ती कबूल केली. पान चुकलेलं नाही. त्यांचा चेहरा आणखी चार ठिकाणी आहे. इथे तो टाकायचा तर दुसऱ्या कुणाकडून टाकून घ्या. मी माझी मागची पानं घेते. पण त्याआधी एकदा वाचा. नुसतं बघून नाही, ओळीवर बोट ठेवून."

संपादकांनी चष्मा लावला. बोट ओळीवरून फिरू लागलं. परिच्छेद संपला, बोट पांढऱ्यावर आलं आणि तिथेच थांबलं. खोलीत पंख्याचा आवाज तेवढा होता. मग बोट सावकाश खालच्या ओळीवर उतरलं.

"हं," ते म्हणाले. "काय हो समीक्षक?"

"मला कशाला विचारता? मी तर नोटेशन मागत होतो." समीक्षकांनी पान पुन्हा स्वतःकडे ओढलं. "राहू द्या. माझ्या लेखापेक्षा बरं आहे."

दुपारी छापखान्याच्या फोरमनचा फोन आला. "ताई, चाळिसाव्या पानावर काहीतरी राहिलंय."

"राहिलं नाही, ठेवलंय. छापा."

अंक आला त्या दिवशी संपादकांनी पुढच्या महिन्याच्या मुख्य लेखाची फाइल तिच्या टेबलावर ठेवली. संध्याकाळी ताईनं अंक लेकीपुढे टाकला आणि पहिलं पान उघडून बारीक अक्षरांवर बोट ठेवलं. 'मुख्य लेखाची मांडणी', आणि पुढे तिचं पूर्ण नाव. लेकीनं ते मोठ्यानं वाचलं.

"पुन्हा वाच," ताई म्हणाली.