रिकाम्या सीटवरचा टॉवेल

मी अकरावी-बारावीला इंग्रजी शिकवते. राहते भूमला, कॉलेज परंड्याला. म्हणजे निम्मं आयुष्य एसटीत गेलं आणि उरलेलं एसटीची वाट बघण्यात. जुन्या कादंबऱ्यांचं मला पहिल्यापासून वेड, त्यातही एका जातीच्या कादंबऱ्यांचं जास्त. चारचौघांसारखी सभ्य माणसं कुठंतरी अडकून पडतात, तिथं ना पोलीस ना तहसीलदार, मग हळूहळू एकेकाची नखं बाहेर येतात आणि कुणाला तरी राजा व्हायची हौस येते. वर्गातली पोरं विचारतात, मॅडम, खरंच असं होतं का? मी सांगते, सकाळी भूमच्या स्टँडवर येऊन बघा.

परंडा गाडी फलाटाला लागायच्या आधीच लोक तिच्याबरोबर पळायला लागतात. बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून गर्दीला काही धरबंधच उरलेला नाही. दारात कोपरं, डबे, दप्तरं, सगळं एकदम. बळी तो कान पिळी. पण या रानटीपणातही एक कायदा आहे आणि तो कुणी लिहिलेला नाही. खिडकीतून सीटवर रुमाल टाकला की जागा तुमची. ज्यानं दारात तुमची बरगडी शेकून काढली, तोच माणूस आत येऊन रुमाल बघतो आणि मुकाट पुढं सरकतो. एकदा एका गड्याकडं रुमाल नव्हता, त्यानं डाव्या पायातली चप्पल टाकली होती. तीही सगळ्यांनी मानली.

अशात माझा गुडघा गेला. डॉक्टरांनी सांगितलं, फार वेळ उभं राहायचं नाही. वर्गात मी खुर्चीत बसून शिकवते, त्याचं कुणाला काही वाटत नाही. पण लेकीनं धोशा लावला की स्वेच्छानिवृत्ती घे. मला नोकरी सोडायची नव्हती, अजिबात नव्हती. घरी बसले असते तर मी भिंतींना व्याकरण शिकवलं असतं. शेवटी आमच्यात करार झाला. जागा मिळतेय तोवर नोकरी. ज्या दिवशी भूम ते परंडा उभ्यानं जावं लागेल, त्या संध्याकाळी अर्ज लिहायचा. लेकीनं देवासमोर कबूल करून घेतलं. त्यामुळं तो पाव मीटर कापडाचा रुमाल माझ्यासाठी नेमणूकपत्राइतका मोलाचा झाला.

पळून रुमाल टाकणं माझ्यानं होईना. आमच्यात अप-डाऊन करणारे एक ग्रामसेवक होते. आमच्याकडं ग्रामसेवकाला भाऊसाहेबच म्हणतात. उंच गडी, खिडकीतून खांद्यापर्यंत हात आत जायचा. आधी त्यांनी माझा रुमाल टाकायला सुरुवात केली, मग शेजारच्या मास्तरांचा, मग बँकेतल्या बाईंचा. महिन्याभरात रोजच्या सगळ्यांचे रुमाल त्यांच्या मुठीत. आणि मुठीत रुमाल आले की माणूस बदलतो. खिडकीजवळ कोण, चाकावरच्या सीटवर कोण, हे भाऊसाहेब ठरवू लागले. चहा पाजणाऱ्याला पुढची जागा. उलट बोलणाऱ्याचा रुमाल मागच्या बाकड्यावर, जिथं प्रत्येक खड्ड्याला माणूस टपाला लागतो. मला हे दिसत होतं आणि संतापही येत होता, पण अडला हरी. मी रोज सकाळी गोड हसून रुमाल द्यायची.

गाडीत मी या मंडळींना कादंबरी सांगायची, रोज थोडी थोडी. त्या दिवसांत एक जुनी, पानं पिवळी पडलेली कादंबरी चालू होती. जहाज फुटून खलाशी एका ओसाड बेटावर अडकलेत. त्यांच्यातला आचारी साधा माणूस, पण बिस्किटांच्या कोठीची किल्ली त्याच्याकडं. पहिल्या दिवशी तो सगळ्यांना सारखं वाटतो. मग आवडत्यांना जास्त देतो. मग एके दिवशी सांगतो, आधी मुजरा करा, मग बिस्कीट. मी एवढं सांगितलं आणि सगळी गाडी भाऊसाहेबांकडं बघून हसली. मास्तर तर त्यांना किल्लीवाले म्हणून मोकळे झाले. मी त्यांच्यावर रोख धरून सांगत नव्हते, असं म्हणाले तर ते अगदीच खरं होणार नाही.

संध्याकाळी परतल्यावर भाऊसाहेबांनी स्टँडवर सगळ्यांच्या देखत जाहीर केलं, की उद्यापासून मॅडमचा रुमाल टाकणार नाही. मीही म्हणाले, नका टाकू. नाकाला मिरच्या झोंबल्यावर गुडघा आठवत नाही. तो घरी पायऱ्या चढताना आठवला.

दुसऱ्या दिवशी नेमकी सोनारीच्या यात्रेची गर्दी. नारळाच्या पिशव्या, गुलाल, कडेवर पोरं. मी सगळ्यांत शेवटी चढले. गाडी गच्च भरलेली, आणि मधोमध माझ्या नेहमीच्या जागी एक रिकामी सीट. तिच्यावर लाल चौकड्यांचा टॉवेल. तो भाऊसाहेबांचा, हे रोजच्या सगळ्यांना माहीत. आणि भाऊसाहेब त्या सीटला टेकून उभे, खिडकीबाहेर बघत, जणू रानातली ज्वारी मोजायला आलेत.

माझं डोकं फिरलं. माझ्या डोळ्यांसमोर बसायचंही नाही आणि बसू द्यायचंही नाही, याला काय म्हणावं? सिंहासन रिकामं ठेवून प्रजेला उभं करायची ही हौस मी पुस्तकांत पुष्कळ वाचली होती. मीही दांडा धरून सीटच्या दुसऱ्या बाजूला ताठ उभी राहिले. गाडी सुटली. आमच्यामध्ये ती मोकळी सीट आणि भोवती माणसावर माणूस. पण यात्रेकरूंपैकी एकानंही त्या टॉवेलला हात लावला नाही. कंडक्टरनं विचारलं, टॉवेल कुणाचा? रोजच्यांनी माना दुसरीकडं वळवल्या. तोही टॉवेल न हलवता तिकिटं फाडत पुढं गेला.

प्रत्येक गतिरोधकाला गुडघ्यातून कळ निघत होती. मी मनातल्या मनात अर्जाची सुरुवात जुळवत होते, 'महोदय, तब्येतीच्या कारणास्तव', आणि मला रडू येत होतं. परंडा निम्म्यावर आलं असेल. एका फाट्यावर एक आजी चढल्या आणि त्यांनी ती जागा मागितली. भाऊसाहेब म्हणाले, आजी, धरलेली हाय. मग मात्र माझा तोल सुटला.

"कुणासाठी धरलीय भाऊसाहेब? स्वतःसाठी धरली असेल तर बसा की एकदाचं."

भाऊसाहेबांनी खिडकीबाहेरची नजर काढली नाही. कान मात्र लाल झाले.

"रुमाल टाकणार न्हाय म्हणलो होतो, मॅडम. टॉवेलचं काय बोललो नव्हतो."

आधी मास्तरांना हसू फुटलं, मग बँकेतल्या बाईंना, मग ज्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं त्या यात्रेकरूंनाही. मी टॉवेल उचलून मांडीवर घेतला आणि खाली बसले. सरकून आजींना त्याच सीटवर शेजारी घेतलं. त्यांच्या पिशवीतला नारळ पार परंड्यापर्यंत माझ्या बरगडीत रुतत होता आणि मला त्याचं काही वाटलं नाही. दिलेला शब्द न मोडता मला जागा मिळावी म्हणून हा माणूस स्वतः उभा राहिला होता आणि मी शहाणी त्याच्यात आचारी शोधत होते.

रात्री लेकीचा फोन आला. जागा मिळाली का? मी सांगितलं, थोडी उशिरा मिळाली. ती म्हणाली, म्हणजे उभी राहिलीसच. मी म्हणाले, करार भूम ते परंड्याचा आहे, फाट्यापर्यंतचा नाही. शब्दाला जागणं मी त्याच सकाळी शिकले होते.

दुसऱ्या दिवशी टॉवेल धुऊन, इस्त्री करून परत दिला. गाडीत सगळ्यांनी आचाऱ्याचं पुढं काय झालं म्हणून विचारलं. पुस्तकात त्याचं काही बरं होत नाही, उपाशी खलाशी त्याला समुद्रात ढकलतात. मला ते सांगवेना. मी सांगितलं, एक दिवस तो आपणहून किल्ली दारातल्या खिळ्याला अडकवतो आणि सगळ्यांच्या पंगतीत येऊन बसतो. वर्गात कुणी असं लिहिलं असतं तर मी सरळ शून्य दिलं असतं.

भाऊसाहेबांनी टॉवेलची घडी खांद्यावर टाकली. मग हळूच म्हणाले, "असं लिवलंय व्हय?"

मी म्हणाले, हो, असंच लिहिलंय.

परंडा आलं. उतरताना त्यांनी मला आधाराला हात दिला. मी पर्समधून रुमाल काढला आणि उद्याच्या गाडीसाठी तिथंच त्यांच्या हातात ठेवला.