घरी विचारून सांगतो

लाँड्रीवाल्या काकांच्या तोंडून ‘नाही’ असं कधी निघालंच नाही. कोणी वर्गणी मागो, कोणी स्कूटर मागो, उत्तर ठरलेलं, “घरी विचारून सांगतो.” आणि काकू काय कमी होत्या? दारात कोणी आलं की म्हणायच्या, “ह्यांना विचारून सांगते.” सगळा संसार असा बिनबोभाट चालला. गंमत म्हणजे दोघांनी एकमेकांना कधी काही विचारलंच नाही!

दुकान विकल्यावर लेकीनं हट्टानं दोघांना समुद्रकाठच्या हॉटेलात धाडलं. पहिल्याच सकाळी नाश्त्याच्या टेबलाशी एक गोडबोली मुलगी आली. तासभर माहिती ऐका, रात्रीचं जेवण फुकट. “पण जोडीनंच यायचं हं, काका!” तिथंच काका फसले. फुकटच्या जेवणाला कसलं आलंय घरी विचारणं!

दुपारी दोघं गेली. हॉलमध्ये एसी आणि खिडक्यांना जाड पडदे. टायवाले साहेब भिंतीवर फोटो दाखवत होते. पैसे एकदाच भरायचे, मग दर वर्षी आठवडाभर इथली खोली हक्काची. तासाचे दोन तास झाले. शेवटी आकडा कळला, तर दुकानाचे बहुतेक सगळे पैसे त्यात जाणार. साहेबांनी काकांच्या हातात पेन दिलं. “ही किंमत आजच्यापुरतीच हं.”

काकांना घाम फुटला. “घरी विचारून...”

“अहो, काकू शेजारीच तर आहेत! विचारा की आत्ता.”

झाली का पंचाईत! काकांनी वळून बघितलं. काकू फोटोतल्या समुद्राकडे टक लावून बघत होत्या, चेहरा नुसता फुललेला. ही हो म्हणाली तर म्हातारपणाला हाताशी काय उरणार? आणि नको तरी कुठल्या तोंडानं म्हणायचं? लोकांच्या सुट्टीचे कपडे इस्त्री करण्यात हिचा जन्म गेला. हिला काय हवंय हे आपल्याला ठाऊकच नाही, याचं काकांना फार वाईट वाटलं.

“काय गं,” ते म्हणाले, “खरंच विचारतोय. घ्यायचं का?”

काकू दचकल्या. सवयीनं म्हणाल्या, “ह्यांना विचारून...” आणि स्वतःच हसल्या. मग हळूच म्हणाल्या, “नको. मला तुमच्याबरोबर समुद्र बघायचा होता. तो राहिला बाहेर, आणि आपण बसलोय पडदे लावून.”

काकांनी पेन खाली ठेवलं. “नाही,” ते साहेबांना म्हणाले. साहेब किंमत उतरवायला लागले. “नाही म्हणजे नाही!” काकांना आता मजाच यायला लागली होती.

फुकटचं जेवण राहिलं बाजूला, दोघं वाळूत जाऊन बसली. ऊन उतरलं, वारा सुटला.

“अजून बसायचं का थोडं?” काकांनी विचारलं.

काकूंनी पदरानं डोळे टिपले. “बसू या,” त्या म्हणाल्या. “आणि असं विचारत जा हो अधूनमधून.”