माझी पोरगी रक्त धुती

भोकरदनच्या स्टँडवर सकाळची संभाजीनगरची गाडी लागली, तशी अप्पांनी माझी बॅग खिडकीतून आतल्या सीटवर टाकून जागा धरली. संभाजीनगरहून मला पुण्याची गाडी पकडायची होती. आई स्टँडवर आली नव्हती. आठ दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलत होती. जालन्याला नर्सिंगची सीट मिळत होती, ती सोडून मी डायलिसिस टेक्निशियन व्हायला निघाले होते. ‘हातातली सीट सोडून पुण्याला मशिनी पुसायला जाऊन राह्यली,’ असं ती शेजारच्या काकूंना सांगताना मी ऐकलं होतं.

रूपा, परवा तू टेंभुर्णीहून फोन करून विचारलंस, दवाखान्याच्या लाइनमधला कोणता कोर्स घेऊ? माझी शिफ्ट सुरू होत होती, म्हणून नीट बोलता आलं नाही. आज सुट्टी आहे. मी कसं ठरवलं ते सांगते.

तुझे अप्पामामा, म्हणजे माझे वडील, शिलाई मशिनी दुरुस्त करतात. माझं बालपण त्यांच्या दुकानात स्क्रू वेचण्यात गेलं. बारावीनंतर नर्सिंग, लॅब आणि डायलिसिस ही तीन नावं माझ्यासमोर होती. अप्पांनी वहीचं एक पान फाडलं आणि तिन्हींपुढे लिहायला लावलं: शिकायला किती वर्षं, दिवसभर करायचं काय, पगार कसा. वर्षं आणि पगार विचारून विचारून भरले. मधला रकाना कोराच राहिला. तेव्हा ते म्हणाले, “काम डोळ्यानं बघ आधी. मंग ठरव.”

जालन्याच्या एका दवाखान्यात आपली सविताताई नर्स आहे. तिच्या ओळखीने मी तीन दिवस तिथे उभी राहिले. ताईने काहीच लपवलं नाही. सरकारी नोकरी लागली तर पगार चांगला, पण ती लागेपर्यंत वाट बघायची. रात्रपाळ्या करायच्या, वॉर्डभर पळायचं. मला तिचा अभिमान वाटला, पण त्या पळण्यात मला मी दिसेना. लॅबचा कोर्स लवकर संपणारा, काम शांत. मात्र दिवसभर रक्ताच्या नळ्यांवर चिकटवलेली नावं वाचायची, माणूस दिसायचाच नाही.

तिसऱ्या दिवशी डायलिसिस. किडनी थकलेल्या माणसाचं रक्त नळीने बाहेर काढायचं, मशीनमध्ये स्वच्छ करायचं आणि परत अंगात सोडायचं. चार-चार तास. परतूरकडच्या आष्टीहून आलेल्या एक बांगड्या विकणाऱ्या मावशी खुर्चीवर होत्या. टेक्निशियन दादा त्यांना काल पाणी किती प्यायल्या, भाकरी किती खाल्ली, विचारत होता; अशा पेशंटना पाणीसुद्धा मोजूनच प्यावं लागतं. आठवड्यातून दोनदा येणारी ही बाई त्याला सख्ख्या मावशीसारखी पाठ होती. तेवढ्यात मशीन ओरडायला लागलं. दादा वरची बटणं बघायला लागला. मला मावशींच्या कोपराखाली दुमडलेली नळी दिसली. मी ती दाखवली, त्याने ती सरळ केली आणि आवाज थांबला.

“बराबर बघितलं पोरी,” तो म्हणाला.

बस्स. त्या दिवशी मी घरी कशी आले ते मला आठवत नाही. मशीनही होतं आणि माणूसही होता. मी अप्पांना दुकानाच्या दारातूनच सांगून टाकलं.

पुण्यात आधी माझी भाषा बदलली. हॉस्टेल, मेस, प्रॅक्टिकल, इंटर्नशिप, हँडओव्हर. ‘करून राह्यले’ म्हटलं की मुली हसायच्या. अभ्यास जमत होता; सुई जमत नव्हती. डायलिसिसच्या पेशंटच्या हातातल्या दोन रक्तवाहिन्या ऑपरेशन करून जोडलेल्या असतात, त्यात दोन जाड सुया घालायच्या. माझी पहिली सुई आरपार गेली. पेशंट निवृत्त पोस्टमन आजोबा. त्यांचा हात टरारून सुजला. मी स्टोअररूममध्ये जाऊन रडले. आईचं खरं होतं, नर्सिंगची सीट गेली आणि हेही गेलं, असं वाटलं. दोन दिवस मी त्यांच्या खुर्चीच्या बाजूला फिरकले नाही.

तिसऱ्या दिवशी आजोबा आले आणि आम्हाला शिकवणाऱ्या मॅडमना म्हणाले, “त्या भोकरदनच्या पोरीला बोलवा.”

मी समोर उभी राहिले. माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी हात पुढे करून सुईसाठी दुसरी जागा दाखवली आणि सांगितलं, “मी नवा होतो तेव्हा पत्रं चुकीच्या घरी टाकून आलो होतो. घाई करू नकोस.” मॅडम माझ्या शेजारी होत्या. या वेळी मी बोटाने शीर नीट चाचपली आणि सुई नेमकी आत गेली. नळीत लाल रक्त चढताना बघून मला ओरडावंसं वाटलं होतं, रूपा.

नोकरी लागल्यावर आईला माझं काम बघायला बोलावून घेतलं. ती दोन तास कोपऱ्यात बसून होती. गावी जाऊन तिने काकूंना सांगितलं म्हणे, “माझी पोरगी लोकायचं रक्त धुती.”

सुरुवातीचा पगार बेताचाच होता. हात बसला, अनुभव वाढला, तसा तोही वाढला. आता माझं भागून घरीही पैसे पाठवता येतात. पण तू पगार शेवटी विचार. आधी एक दिवस माझ्याकडे ये, एक दिवस सविताताईकडे जा. उभी राहून बघ.

घर कुठलं विचारलं तर मी अजूनही भोकरदनच सांगते. पण गेल्या दिवाळीत तिथे असताना मी सारखी फोनकडे बघत होते. मंगळवारी येणाऱ्या आजींना सुई कुणी घातली असेल, त्या फराळावर पाणी तर जास्त प्यायल्या नसतील? आई चुलीपाशी भाकरी थापत होती. वर न बघताच ती म्हणाली, “जाय बाई उद्याच. तुझी माणसं वाट पाहून राह्यली असतील.”

‘तुझी माणसं’ म्हणाली ती. मी तिच्याजवळ बसले आणि गरम भाकरी खाल्ली.