लावा उडाला तेव्हा

वाळलेल्या गवताचा वास आला की मॉरिसव्हिलबाहेरचं ते माळरान आठवतं. पक्ष्याचा वास लागला की जागीच थांबायचं, पक्षी उडाला तरी धावायचं नाही, हे माझी मुलगी तिच्या शिकारी कुत्रीला चार महिने शिकवत होती आणि कुत्री दर वेळी धावतच सुटायची. त्या सकाळी ती एक पाय उचलून थबकली. समोर गवतात लावा पक्षी दडला होता. "बाबा, डोन्ट मूव्ह," मुलगी कुजबुजली. मला मात्र त्या पक्ष्याची दया आली आणि मी जोरात टाळी वाजवली. लावा भर्रकन उडाला. आता मुलगी रागावणार म्हणून मी वळलो, तर ती कुत्रीच्या गळ्यात पडून हसत होती. "बाबा, ती हललीच नाही! तूच हललास." शिकार मला आजही पटत नाही, पण तेव्हा कुत्रीची पाठ मीही थोपटली.