पावटे सोलणारा

बंगळुरूच्या बसवनगुडीत फुटपाथवर बसून मी पावट्याचे भिजवलेले दाणे सोलून विकते. एक माणूस रोज संध्याकाळी सहाला येतो आणि शेजारी बसून फुकट सोलू लागतो. दाबलेला दाणा सालीतून उडून कुणाला लागला, की गंभीर चेहऱ्याने माझ्याकडे बोट दाखवतो. मी लाजेने मान खाली घालते.

एकदा म्हणाला, "अक्का, दारू सोडली ती सोडली, पण संध्याकाळ काही केल्या संपत नाही."

परवा दाणे लवकर संपले. तो समोरच्या बारकडे बघू लागला. घरासाठी घेतलेला लसूण मी त्याच्यापुढे ओतला.

तो हसला. "सरी अक्का, चालेल. उद्या कांदे आणा, रडायचं तेवढं राहिलंय."

काल मी खरंच कांदे नेले. सहाला तो आला, स्वतःची सुरी घेऊन.