परकराच्या नाडीनं बांधलेली जीप

एकदा मी नवऱ्याच्या जीपखालचा एक दांडा सोडला, तो माझ्या जुन्या परकराच्या गुलाबी नाडीनं वर बांधून टाकला, आणि कुणाला काही न सांगता त्याच जीपमध्ये पुढच्या सीटवर ऐटीत जाऊन बसले. तेव्हा मी तरुण होते. छपन्न वर्षांची. मत्सरानं पेटलेली बाई त्या वयात काय काय करते हे आता सांगायला हरकत नाही. ती छपन्न वर्षांची बाई मला आता परकी वाटते, आणि परक्या बाईची टिंगल करायला मला पहिल्यापासून आवडतं.

दांड्याचं आधी सांगते, नाहीतर पुढची गंमत कळायची नाही. जीपच्या पोटाखाली पुढच्या दोन चाकांना एकमेकांशी जोडणारा एक वाकडा लोखंडी दांडा असतो. गॅरेजवाले त्याला स्टॅबिलायझर म्हणतात, आमचे हे आणि त्यांची जीपवाली मंडळी स्वे बार म्हणतात. रस्त्यावर वळण आलं की गाडी एका अंगाला कलंडू नये म्हणून तो दोन्ही चाकांना धरून ठेवतो. पण दगडधोंड्यांत शिरलं की त्याचीच अडचण होते. एक चाक दगडावर चढलं की दुसऱ्यानं खाली खड्ड्यात उतरायला हवं, आणि हा त्याचं बखोट धरून बसतो. म्हणून दगडांत जाताना तो दोन्ही बाजूंनी सोडायचा आणि वर बांधून ठेवायचा. मग चाकं आपापल्या मर्जीनं वरखाली होतात.

हे सगळं मला कसं ठाऊक? जळून जळून ठाऊक झालं.

आमचे हे नोकरीतून सुटले आणि त्यांनी जुनी फोर बाय फोर जीप घेतली. आमची वाडी भुईगावात. केळी, थोडे चिकू, आणि गल्ली एवढी अरुंद की जीप आली की सायकलवाल्यानं कुणाच्या तरी कुंपणात शिरायचं. तिथं जीप ठेवायची म्हणजे हत्ती पाळण्यातला प्रकार. पण जीपचा मला राग नव्हता. नवरा घरात पायांत येण्यापेक्षा गाडीखाली असलेला बरा. राग होता तो डॉक्टरीणबाईंचा.

वाडीमागं नवी बिल्डिंग झाली, तिथं त्या राहायला आल्या. दातांच्या डॉक्टर. चाळिशीच्या, आखूड केसांच्या, आणि स्वतःची लाल जीप बाळगणाऱ्या. रविवारी चार-पाच जीपवाले कामणच्या पुढं एका बंद पडलेल्या दगडखाणीत जायचे, त्यांच्यात बाई ही एवढीच. बिल्डिंगखाली गाडी उघडून बसायला वॉचमन देत नाही म्हणून शनिवारी दुपारी त्या आमच्या अंगणात यायच्या. मग दोघं जीपखाली उताणे, शेजारी शेजारी. मला स्वयंपाकघराच्या खिडकीतून फक्त चार पाय दिसायचे. दोन आमच्या घरचे, भेगाळलेले. दोन बाईंचे, ग्रीस लागलेले आणि तरी नखांना पॉलिश! भांडी घासता घासता मी दर शनिवारी त्या नखांचा रंग बघायची. बदललेला असायचा.

त्यांना चहात साखर कमी लागायची, यांना जास्त. मी मुद्दाम कप उलटे द्यायची. दोघंही गप्प पिऊन टाकायचे. गप्पांच्या नादात लक्षच नसायचं. माझ्या दुष्टपणाकडंसुद्धा कुणी बघत नव्हतं, हा कहर होता.

अशीच एकदा चहा घेऊन निघाले तर गाडीखालून बाईंचा आवाज आला, "काका, काकूंना आणा ना एकदा खाणीवर."

"तिला काय कळतंय त्यातलं? कंटाळेल ती," हे म्हणाले.

चिडून म्हणाले असते तर मी भांडले असते. पण ते अगदी साध्या आवाजात म्हणाले, आज दूध उशिरा आलं म्हणावं तसं. मी ट्रे जीपच्या बॉनेटवर ठेवला आणि परत आले. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एकच गोष्ट. या माणसाला दाखवायचं, मला काय कळतं ते.

नेमक्या त्याच सुमारास यांनी दांड्यासाठी कुरियरनं नव्या पिना मागवल्या होत्या. पान्याची गरज नाही. क्लिप काढायची, पिन ओढायची, की दांड्याचं टोक सुटलं. नवं खेळणं आलेलं, त्यामुळं दोघं ते शनिवारी दुपारभर काढून-घालून बघत बसायचे. मी खिडकीत उभी राहून पाठ करत होते. वाल करपले, दूध उतू गेलं, पण पिन कुठल्या बाजूनं ओढायची ते मला झोपेतही सांगता आलं असतं. एकच गोष्ट माझ्या लक्षात आली नाही. मी कधी खाणीवर गेलेच नव्हते, सोडताना पाहिलं होतं ते फक्त अंगणात. तेव्हा माझ्या मनानं घेतलं की घरून निघायच्या आधी हे काम उरकायचं असतं. गॅस बंद करतो, तसं.

मग एका शनिवारी हे म्हणाले, "उद्या येतेस का? डॉक्टरांची गाडी गॅरेजमध्ये आहे, त्या आपल्याच गाडीतून येतायत."

म्हणजे दोघंच गेले तर गल्ली बोलेल, म्हणून मी! पण मी अपमान गिळला. म्हटलं, "येते की."

सकाळी हे आंघोळीला गेले आणि मी सतरंजी घेऊन जीपखाली शिरले. त्या छपन्न वर्षांच्या बाईला तेव्हा कुणी बघितलं असतं तर वाटलं असतं, म्हातारी मांजर शोधतेय. पिना निघाल्या. दांडा वर बांधायचा पट्टा काही सापडेना, म्हणून दोरीवर वाळत घातलेल्या परकराची नाडी ओढून काढली. गाठ मात्र झकास मारली. पिना जीपमधल्या हत्यारांच्या डब्यात ठेवल्या, हात साबणानं घासले, आणि बाई फाटकातून आत यायच्या आधी पुढच्या सीटवर जाऊन बसले.

बाईंनी पुढचं दार उघडलं. "अरे, काकू! बसा बसा, मी मागं बसते."

"बसलेच आहे," मी म्हटलं.

गल्लीत जीप गोगलगायीसारखी चालते, तिथं काही कळलं नाही. हायवेला लागल्यावर ती डुलायला लागली. चिंचोटीला हायवे सोडून कामणच्या रस्त्याला वळताना तर अशी कलली की माझा जवळ्याच्या चटणीचा डबा मागं उडाला आणि बाईंच्या पांढऱ्या टी-शर्टवर उपडा झाला. मला एवढा आनंद क्वचित झालाय. आणि ते डुलणं? मला वाटलं, वा, आत्तापासूनच चाकं मोकळी झाली!

"आज हिला झालंय काय?" हे स्टिअरिंग गच्च धरून म्हणाले.

मी गालात हसत बाहेर बघत होते. योग्य वेळी सांगायचं ठरवलं होतं.

"काका, हळू करा. बाजूला घ्या," मागून बाई म्हणाल्या. "खाली काहीतरी आपटतंय."

एका गोदामासमोर काँक्रीटची सपाट जागा होती तिथं जीप उभी केली. बाई मोबाईलचा उजेड घेऊन खाली शिरल्या. मग एक हात बाहेर आला. त्यात लोंबणारी गुलाबी नाडी.

हे नाडीकडं बघत राहिले. तीस वर्षांचा संसार, ओळखली त्यांनी.

"मीच सोडलाय दांडा," मी छाती काढून सांगितलं. "दोन्ही बाजूंनी. पिना हत्यारांच्या डब्यात आहेत. मला काय कळतंय, नाही का?"

यांच्या तोंडाचा रंग गेला. "अगं बाई, तो रस्त्यावर लागतो! खाणीवर पोचल्यावर सोडायचा असतो! समोरून ट्रक आला असता आणि मला झटक्यात वळावं लागलं असतं म्हणजे?" तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. ऐट कुठं गेली कळलं नाही. गोदामाचे हमाल बिड्या ओढत तमाशा बघत होते.

बाई बाहेर आल्या. अंगावर चटणी, केसांत माती. "काका, ओरडू नका. पिना नीट काढल्यात त्यांनी, काही वाकलेलं नाही. नाडी सैल झाली एवढंच. काकू, सीरियसली, कोणी शिकवलं?"

"खिडकीनं," मी पुटपुटले.

परत लावताना डाव्या बाजूचं भोक जुळेना. "काकू, जरा बंपरवर बसता का? डावीकडं," बाई म्हणाल्या. मी बसले आणि पिन सटकन आत गेली. बाईंच्या वजनानं ते झालं नसतं. मला याही गोष्टीचं वाईट वाटलं.

खाणीवर पोचल्यावर दांडा मीच पुन्हा सोडला. कुणी अडवलं नाही. हे पट्टा हातात घेऊन शेजारी उभे होते. मग बाई पुढं जाऊन दगडांत उभ्या राहिल्या. ड्रायव्हरला चाकाखालचं दिसत नाही, म्हणून एकानं समोरून हातानं दाखवायचं असतं. बाईंनी बोट जरा वाकवलं, जीप जरा वळली. तळवा दाखवला, थांबली. एक चाक दगडावर, दुसरं खोल खाली, आणि हे त्या हाताकडं लहान मुलासारखे बघतायत. तेव्हा खरी जळले मी. नखांनी नाही जळले तेवढी. माझ्या हाताकडं बघून हा माणूस आयुष्यात कधी मुकाट वळला नव्हता.

बाईंना ते दिसलं असावं. त्या म्हणाल्या, "आता काकू, तुम्ही या इथं."

मी उभी राहिले. उजवा हात दाखवला.

"उजवीकडं म्हणजे तुझ्या की माझ्या?" हे खिडकीतून ओरडले.

"हात दिसत नाही का तुम्हाला?"

"हात दिसतोय, पण तू चुकीचा दाखवतेयस!"

"मग तुम्हीच या खाली आणि दाखवा स्वतःला!"

जीप दगडावर पोट टेकून अडकली. बाकीच्या जीपवाल्यांनी दोर लावून ओढून काढली. परतीच्या वाटेवर दांडा जागेवर होता आणि बोलणं बंद.

पुढच्या शनिवारी लाल जीप दुरुस्त होऊन आली. बाई फाटकातूनच म्हणाल्या, "काकू, उद्या माझ्या गाडीत याल? मला दाखवायला कोणी नाही." मी लगेच हो म्हटलं. यांना खिजवायची संधी मी कशाला सोडू?

त्या रविवारी मी हात हलवला आणि लाल जीप हलली. वाद नाही, "तुझ्या की माझ्या" नाही. मी थांब म्हटलं की बाई थांबायच्या, वाट बघायच्या. चाकं वरखाली होत पुढं आली. बाई काचेतून हसल्या, आणि ज्या बाईवर मी एवढी जळत होते तिच्यावर जळायला मला त्या दिवशी फुरसत मिळाली नाही. पुढच्या रविवारी परत गेले. त्याच्या पुढच्याही. नखांवर मात्र अजून जळते, ते सांगून ठेवते.

आमचे हे मागून आपल्या जीपमध्ये एकटे यायचे. खाणीवर आमच्यापासून जरा लांब गाडी लावायचे, डबा एकटेच उघडायचे, आणि आम्ही दोघी हसलो की मान वळवायचे. एका रविवारी संध्याकाळी मी घरी येऊन पाय धूत होते. हे ओटीवर बसले होते, चहा गार झालेला. माझ्याकडं न बघता म्हणाले,

"त्या डॉक्टरांच्या गाडीत एवढं काय आहे गं? एसीच ना?"